मृण्मयीच्या बी.लिब.बद्दल

धंतोली, नागपूर

प्रिय सुजाता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मृण्मयीनं बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावी का, सगळं मोबाइलवर आल्यावर ग्रंथपालाला काम तरी काय उरलं, असं तू विचारतेस. माझं उत्तर अगदी मनापासून सांगते: तिला करू दे.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले तेव्हा एकेका पुस्तकाची लेखक, शीर्षक, विषय अशी वेगवेगळी कार्डं लिहून खणांत लावायचो. मग संगणक आला, पुढे कोहा ही ग्रंथालयाचं काम सांभाळणारी संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली ही प्रणाली २०००पासून वापरात आहे. मुक्त असल्यामुळे परवान्याचे पैसे लागत नाहीत. आमच्यासारख्या कॉलेजला नाहीतर परवडलंच नसतं. आता पोरं घरूनच कॅटलॉग बघतात, पुस्तक राखून ठेवतात आणि मगच येतात.

पण खरं काम इथून सुरू होतं. आपल्या कवी ग्रेसांचंच घे. पुस्तकावर ग्रेस, मूळ नाव माणिक गोडघाटे. कुणी एक नाव नोंदवतो, कुणी दुसरं, कुणी रोमन लिपीत. संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी माणसं. म्हणून ही सगळी नावं एकत्र बांधणारी प्रमाण नोंद करावी लागते: मार्क, म्हणजे संगणकावर ग्रंथालयाच्या नोंदी करायच्या ठरलेल्या पद्धतीत, ठरवलेलं नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात, बाकीची ४०० मध्ये. मग वाचकानं कोणतंही नाव टाकलं तरी तो एकाच ठिकाणी पोचतो. हे कुणी माणसानं बसून केल्याशिवाय होत नाही.

त्याहून बारीक गोष्ट सांगते. ‘दुसऱ्या’मधला तो ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. पुस्तक कपाटात असतं आणि पोरगं ‘नाही’ समजून परत जातं. मला हे सहन होत नाही गं. म्हणून जुन्या नोंदी काढून सगळीकडे एकच रूप करत बसते. मराठी वाचकाला मराठीत शोधून पुस्तक सापडलंच पाहिजे, एवढा माझा हट्ट आहे.

मृण्मयीला सांग, तालिकीकरण, म्हणजे हे नोंदी करायचं काम, कंटाळवाणं म्हणून टाळू नकोस. वर्गीकरण पक्कं कर आणि जोडीला एसक्यूएल, म्हणजे संगणकातल्या साठ्यातून हवी ती माहिती काढायची भाषा, शीक. कोहातले हवे तसे अहवाल त्यातून काढतात, आणि ते येणारी माणसं आमच्याकडे फार कमी आहेत. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर पुढे एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल. कायम जागा सहज निघत नाहीत, हेही तिला आधीच कळू दे.

दिवाळीच्या सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. चार दिवस शेजारी बसून नोंदी करू दे, मग तिचं तिलाच ठरवता येईल. काकांना नमस्कार सांग.

तुझी,
वैशाली