लायब्ररीतल्या मॅडमना, झोटेरोसाठी आणि बाकी सगळ्यासाठी

मॅडम,

नाव लिहीत नाही, कारण तुम्हाला ते चालणार नाही. "माझं कामच आहे ते" म्हणाल आणि परत रजिस्टरात डोकं घालाल. पण आपल्या कॉलेजात ज्यांनी कधी काउंटरवर उभं राहून "मॅडम, रेफरन्स कसे लिहायचे?" विचारलंय त्यांना कोणाबद्दल चाललंय ते दुसऱ्या ओळीतच कळेल. पीएचडीचा व्हायवा झाला, पेढे वाटून झाले, प्रबंधात गाईड, आई-बाबा, मैत्रिणी सगळ्यांचे आभार छापून झाले. तिथे तुमचाही उल्लेख आहे, "ग्रंथालयाचे मोलाचे सहकार्य लाभले" या ठरलेल्या वाक्यात. त्या वाक्यात तुम्ही केलेलं काहीच बसत नाही म्हणून हे पत्र, आणि लांबण लागणार आहे हे आधीच सांगते.

माझा विषय तुम्हाला माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते, रोजगार हमी योजना, म्हणजेच रोहयो. ऐकायला एक योजना वाटते पण तिची कागदपत्रं म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रभर सांडलेली. ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) मधले लेख जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर सापडतात, शासनाचे अहवाल कुठल्यातरी कपाटात, विधिमंडळातल्या चर्चा तिसरीकडे, १९७२ च्या दुष्काळातली वर्तमानपत्रांची कात्रणं कोणाच्या तरी घरी फाईलला लावलेली, आणि पुढाऱ्यांनी, कार्यकर्त्यांनी छापलेल्या मराठी पुस्तिका, ज्यांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ठरलेला क्रमांक, नाही, कधी कधी प्रकाशन वर्षसुद्धा नाही. तेव्हा "झोटेरोसारखं संदर्भ साठवून सूची लावून देणारं सॉफ्टवेअर वापर, एका क्लिकमध्ये होतं सगळं" असं जो तो सांगत होता. एका ठिकाणी एक दिवसाची कार्यशाळा पण केली मी, कुठली ते सोडा, तिथे बटणं दाखवली, चहा-सामोसा दिला, सर्टिफिकेट दिलं. त्यांच्या स्लाईडवरचं प्रत्येक उदाहरण इंग्रजी आणि डीओआयवालं (डीओआय म्हणजे ऑनलाइन लेखाचा कायमचा क्रमांक), माझ्या पुस्तिकांचं काय करायचं ते कोणीच बोललं नाही.

तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात केलीत. कॉम्प्युटर चालू करायच्या आधी विचारलंत, "तुझ्याकडे कसल्या कसल्या वस्तू आहेत ते सांग." लेख, अहवाल, कात्रण, अधिनियम, प्रबंध, मुलाखत, सगळे प्रकार कागदावर लिहायला लावलेत. मग म्हणालात, झोटेरोमध्ये आयटम टाइप नावाची गोष्ट आहे, तो बरोबर निवडला तर पुढचे रकाने बरोबर येतात आणि तो चुकला की यादी शेवटपर्यंत चुकतच जाते. सरकारी अहवालाला रिपोर्ट, कात्रणाला न्यूजपेपर आर्टिकल, पुस्तकातल्या एका प्रकरणाला बुक सेक्शन. एवढं साधं आहे पण सगळे धडाधड सगळ्याला बुक करून मोकळे होतात.

झोटेरोच का, हेही तुम्ही ब्रँड विकल्यासारखं नाही सांगितलंत. एंडनोट विकत घ्यावं लागतं, मेंडेले फुकट आहे पण २०१३ पासून ते एल्सव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीचं आहे, आणि झोटेरो फुकट आणि ओपन सोर्स, २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीतल्या इतिहासवाल्यांनी काढलेलं, तेव्हा ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन होतं. इतिहासवाल्यांनी काढलंय म्हणूनच बहुतेक त्यात आर्काइव्ह, लोकेशन इन आर्काइव्ह आणि कॉल नंबर असे रकाने आहेत, जे बाकीचे लोक रिकामे ठेवतात आणि तुम्ही मला सक्तीने भरायला लावलेत. "पुस्तक कुठे बघितलंस? कुठल्या कपाटात? नंबर काय?" मला तेव्हा ते कारकुनी वाटायचं. व्हायवाला बाहेरच्या सरांनी एका पुस्तिकेबद्दल विचारलं की ही तुम्ही प्रत्यक्ष पाहिली का, तेव्हा मी लॅपटॉपवर ग्रंथालयाचं नाव, दाखल क्रमांक आणि मोबाईलवर काढलेला मुखपृष्ठाचा फोटो समोर ठेवला. सर काही बोलले नाहीत, पुढच्या प्रश्नाकडे वळले. ते गप्प बसणं तुमचं आहे मॅडम, माझं नाही.

आता ती "महाराष्ट्र शासन"ची गोष्ट, ही सगळ्यांनी वाचावी अशी माझी इच्छा आहे. तुम्ही शोधगंगेवरचा, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवलेल्या वेबसाइटवरचा, एक प्रबंध उघडलात आणि त्याच्या संदर्भसूचीत "श" अक्षराखाली बोट ठेवलंत. तिथे छापलं होतं, "शासन, महाराष्ट्र". मी हसत सुटले आणि तुम्ही अजिबात हसला नाहीत. सॉफ्टवेअर लेखकाच्या नावाला दोन रकाने देतं, आडनाव आणि नाव, त्याला काय माहिती की शासन हे कोणाचं आडनाव नाही. नावाच्या शेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की दोन रकान्यांचा एक होतो, संस्थेचं नाव तिथे सलग टाकायचं. तसंच आपल्या लोकांच्या नावांचं. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे कुठे "विठ्ठल सखाराम", कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे रोमनमध्ये उलटसुलट, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ही तीन वेगळी माणसं. एक रूप ठरव, त्याचीच री ओढ, आणि मूळ कागदावर जे छापलंय ते नोटमध्ये लिहून ठेव, हे तुमचं सांगणं. गुगल स्कॉलरवरून घेतलेल्या एंट्रीजमध्ये लेखकांची नावं आद्याक्षरांवर आलेली, शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, अंक क्रमांक गायब, हे तर रोजचंच. शीर्षकावर राईट क्लिक करून ट्रान्सफॉर्म टेक्स्ट, सेन्टेन्स केस, एवढं तरी प्रत्येकाला यायला हवं.

सॉफ्टवेअर म्हणजे धान्याची कणगी, खडे घालाल तर खडेच निघतील, असं तुम्ही म्हणायचात, आणि म्हणून प्रत्येक एंट्री सेव्ह केल्या केल्या डोळ्याने तपासून तिला "तपासलं" असा टॅग लावायची सवय लावलीत. टॅग नसेल तर ती नोंद लिखाणात घ्यायची नाही, विषय संपला. कंटाळा यायचा हो, खोटं कशाला बोलू.

इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं हा तर वेगळाच अध्याय. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन तिथे ढिगाने आहेत, पण शीर्षक कसल्यातरी तोडक्यामोडक्या रोमनमध्ये आणि लेखकाच्या जागी चक्क "नॉट अव्हेलेबल". झोटेरोचं ब्राउझरमधलं कनेक्टर बिचारं ते जसंच्या तसं उचलतं. तुम्ही पान पान सरकवत मुखपृष्ठाच्या आतलं पान काढायला शिकवलंत, तिथून नाव, आवृत्ती, मुद्रक, साल घ्यायचं, आणि ते पानच फाटलेलं असेल तर शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची काढायची. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं एकदा आणि मग १९५० पर्यंतची परत, असली नोंद त्या माणसाने कॉम्प्युटर नसताना करून ठेवलीये हे मला पीएचडीला रजिस्टर झाल्यावर तुमच्याकडून कळलं, त्याआधीच्या सगळ्या शिक्षणात कोणी नाव पण घेतलं नव्हतं. साल शके असेल तर ७८ मिळवायचे, जानेवारी-मार्चमधलं असेल तर ७९, आणि मूळ शके एक्स्ट्रा नावाच्या रकान्यात लिहायचं, पुसायचं नाही. जुन्या राजपत्रांना फार उपयोगी पडलं हे.

सालांवरून आठवलं. रोजगार हमी "कधी सुरू झाली" याची माझ्याकडे चार उत्तरं जमली होती, कोण १९६५ म्हणतो, कोण १९७२, कोण १९७७, कोण १९७९. तुम्ही इतिहासाच्या नाहीत, पण म्हणालात की प्रत्येक नोंदीला एक छोटी नोट जोड, हा लेखक कशाला सुरुवात म्हणतोय. नोट्स शेजारी शेजारी ठेवल्यावर चित्र स्वच्छ झालं. १९६५ म्हणजे तासगाव तालुक्यातला पागे यांचा प्रयोग, १९७२ म्हणजे दुष्काळात राज्यभर सुरू झालेली योजना, १९७७ म्हणजे कायदा, आणि १९७९ च्या २६ जानेवारीला तो लागू झाला. चारही बरोबर! माझं दुसरं प्रकरण यातून उभं राहिलं, गाईडना ते सगळ्यात जास्त आवडलं आणि त्याचं श्रेय त्यांनी मला दिलं, मी तेव्हा गपचूप घेतलं, आता इथे वाटून टाकते.

संदर्भ शोधण्याचं पण असंच. मी सर्चमध्ये शब्द बदलून बदलून टाकत बसायचे. तुम्ही दाखवलंत की एक चांगला लेख मिळाला की त्याच्या तळटीपांतून मागे जायचं आणि गुगल स्कॉलरमधल्या "साइटेड बाय"मधून पुढे यायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या एका लेखाला धरून पुढे येत गेले तर थेट २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यावरच्या लिखाणापर्यंत साखळी लागली. आणि शोधगंगेवर प्रबंध वाचायचा तर आधी शेवटची संदर्भसूची वाचायची. मात्र दुसऱ्याच्या सूचीतलं स्वतः न बघता आपल्या सूचीत घ्यायचं नाही, याबाबतीत तुमचा आवाज चढायचा.

तो एमएचा मुलगा आठवतो का, चॅटबॉटकडून छान टाईप केलेली संदर्भांची यादी घेऊन आला होता? तुम्ही त्याला ओरडला नाहीत. झोटेरोमध्ये जादूच्या कांडीचं एक बटण आहे, त्यात डीओआय टाकला की माहिती आपोआप येते, ते त्याच्याच हातात दिलंत आणि एकेक टाकायला सांगितलंत. काही सापडलेच नाहीत, एक सापडला तो भलत्याच विषयावरचा, वैद्यकातला निघाला. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानंतर तो स्वतःच कॅटलॉगपाशी जाऊन बसला.

पीडीएफचं दुखणं मात्र तुम्हालाही पूर्ण सोडवता आलं नाही, तो तुमचा दोष नाही. २०२२ पासून झोटेरोतच पीडीएफ वाचता येते, खुणा करता येतात, त्या खुणा पान क्रमांकासकट नोटमध्ये ओढता येतात, इंग्रजी लेखांना स्वर्ग आहे. पण आपले जुने शासकीय पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले, स्क्रीनवर सुंदर मराठी दिसतं आणि कॉपी केलं की नुसती चिन्हांची खिचडी, सर्चमध्ये "दुष्काळ" टाकलं तर शून्य. स्कॅन असेल तर तेवढंही नाही. तिथे चौकोन काढून तेवढ्या भागाचं चित्र घ्यायचं आणि खाली स्वतः चार शब्द टाईप करायचे, ही तुमची युक्ती. हातकाम आहे, पण नंतर सर्चला ते चार शब्दच सापडतात.

शेवटच्या महिन्यांतली धावपळ तर विचारू नका. विद्यापीठाला मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या हव्या होत्या आणि वर्डमधलं प्लगइन सगळं एकत्र ओततं. तुम्ही फोनवरच सांगितलंत, दोन कलेक्शन कर, एक नोंद कितीही कलेक्शनमध्ये ठेवली तरी तिची कॉपी होत नाही, मग कलेक्शनवर राईट क्लिक, क्रिएट बिब्लिओग्राफी फ्रॉम कलेक्शन, क्लिपबोर्डवर घे आणि चिकटव. अर्ध्या तासाचं काम. बाकी मुलं ती सूची हाताने लावत रात्र रात्र बसली होती. आणि हो, वर्डमधले संदर्भ हाताने दुरुस्त करायचे नाहीत, रिफ्रेश केलं की तुमची दुरुस्ती उडते, दुरुस्ती करायची ती झोटेरोत. अनलिंक करायचं, म्हणजे वर्डमधल्या संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडायचा, ते अगदी शेवटी आणि तेही कॉपीवर. झोटेरोचं डेटा फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवायचं नाही, डेटाबेस खराब होऊ शकतो, बॅकअप घ्यायचा तर प्रोग्राम बंद करून अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर. हे सगळं मी आता ज्युनिअर्सना तुमच्याच आवाजात सांगते, म्हणजे थोडं ओरडून.

तुमचा पगार काय, काउंटरवर माणसं किती, आणि रिकाम्या जागा भरल्या जातात की नाही हे मला माहितीये म्हणून त्या वेळेची किंमत कळते. जेवणाची सुट्टी संपून गेली तरी तुम्ही डबा बाजूला सरकवून माझ्या एंट्रीज बघत बसलेल्या असायचात. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली की "ग्रंथालय सेवा" म्हणून फाईलमध्ये फोटो लागतात, त्यात हे कुठे मोजतात काय माहीत.

आता एक काम सांगते, आभाराच्या पत्रात काम सांगू नये पण तुम्हाला चालेल. माझ्या सगळ्या तपासलेल्या नोंदींची मी झोटेरोवर ग्रुप लायब्ररी केलीये. सभासद कितीही चालतात, फुकटची जागा मात्र ३०० एमबीच आहे म्हणून पीडीएफ न टाकता फक्त नोंदी आणि कुठे काय मिळेल ते टाकलंय. दुष्काळ, रोजगार हमी, मजूर चळवळ यावर काम करणाऱ्या कुठल्याही मुलामुलीला त्यात घ्या, तुम्हालाही ॲडमिन करून ठेवलंय. पुस्तिकांच्या काही नोंदींना अजून टॅग नाही, त्यांच्या सालांवर माझा विश्वास बसत नाहीये, पुढच्या आठवड्यात येते तेव्हा दोघी बसून बघू. डबा मी आणते.

तुमची,
(तुम्ही हाक मारता तीच) रोहयो