मधली पानं

अक्कलकोट
मंगळवार, रात्र

चि. अक्का,
अनेक आशीर्वाद.

परवाचा फोन आपोआप कट झाला असं मी आईला सांगितलं. तिला पटलं नाही. ठेवला तो मीच. "अप्पा, तुम्ही जन्मभर लोकांचे कागद वाचलेत, काय मिळालं?" असं तू विचारलंस आणि मला पटकन काही बोलता आलं नाही.

आधी मला एवढंच कळव, करारावर सही केलीस तेव्हा तो वाचला होतास का? सगळी पानं?

पैसे थकले म्हणून तू सेटवर जायचं बंद केलंस, कंपनीच्या ऑफिसाबाहेर जाऊन बसलीस. हे मला चूक वाटत नाही. थोडं वाटतं. नव्वद दिवसांनी पैसे द्यायची तुमच्याकडे रीतच आहे, हे तूच सांगितलं होतंस. मग ते नव्वद दिवस मोजायचे कुठून, शूटिंगच्या दिवसापासून की बिल दिल्यापासून? मी पस्तीस वर्षं निबंधक कचेरीबाहेर टेबल टाकून बसलो. लोक पहिल्या पानावरची रक्कम बघतात आणि शेवटच्या पानावर अंगठा उठवतात. भांडण मधल्या पानांत असतं. कोरी जागा दिसली की आडवी रेघ मारावी, खाडाखोड असेल तिथे सही घ्यावी, आणि पानाची मागची बाजू...

जाऊ दे. लागलो शिकवायला. पत्रात हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

"शांता आपटे नाही का बसल्या प्रभातच्या गेटवर," असं म्हणालीस. बसल्या होत्या. 1939 साली, पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या दारात, पगारावरून आणि करारावरून, उपाशी. हे मला तूच शिकवलंस, नाहीतर मला त्या फक्त 'कुंकू' सिनेमातल्या नटी म्हणून माहीत. तुझ्या एकपात्रीच्या वेळी आपण दोघं दुधनी स्टेशनवर गेलो होतो, आठवतं? त्यांचे वडील स्टेशनमास्तर, जन्म दुधनीचा, एवढ्या धाग्यावर तू मला भर उन्हात प्लॅटफॉर्मवर उभं केलंस. मालगाडी लागली होती. इंजिनाच्या आवाजात तू तुझं पहिलं वाक्य तीनदा म्हणालीस आणि तिन्ही वेळा मला ऐकू आलं नाही. चहावाल्याला मात्र आलं. तो म्हणाला, "पोरगी भांडतीय कुणाशी?" मी म्हटलं, सराव चाललाय. छाती फुगली होती माझी, पण ते तुला तेव्हा बोललो नाही.

'कुंकू' मी तुझ्याबरोबर पुन्हा पाहिला तेव्हा माझ्या धंद्याच्या डोळ्यांनी पाहिला. 1937 चा सिनेमा. मामा फसवून त्या नीराचं लग्न म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून देतो आणि ती ते लग्न मानतच नाही. सगळे तिचं धाडस म्हणतात. मला वाटलं, बरोबरच आहे की! ज्या कागदावर तिची सही नाही तो तिने का पाळावा? पण अक्का, तुझ्या कागदावर तुझी सही आहे. मला झोप येत नाही ती एवढ्यासाठी.

आणि गेटवर बसून उठल्यावर शांताबाईंनी काय केलं तेही तुलाच ठाऊक. प्रभात सोडली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. प्रश्नचिन्हासकट. तू ते माझ्यापुढे नाचवलं होतंस, "बघा अप्पा, त्यांनीही विचारलं होतं." तेव्हा मी हसलो होतो. खरं तर तो प्रश्न माझाच होता. मी विचारला असता तर तू ऐकलं नसतंस, आणि त्यांनी विचारूनही तू गेलीसच. पुढे त्या मद्रासकडच्या सिनेमासाठी तमिळ शिकल्या. 1941 चा 'सावित्री', त्यात सुब्बुलक्ष्मी नारद आणि या सावित्री. तू निदान कानडी विसरू नकोस.

त्या गेल्या त्या अंधेरीत, 1964 मध्ये. पन्नाशीही गाठली नाही. तुझी खोली अंधेरीतच आहे. याचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला कळतं. रात्री दोनला कळत नाही.

लहानपणी तू माझ्या टेबलाखाली बसायचीस. एकदा शाईच्या पॅडवर अंगठा दाबून स्वतःच्या कपाळावर उठवलास, जांभळं कुंकू, आणि रांगेतल्या बायकांना म्हणालीस, "मी पण सही केली." आईने खोबरेल तेलाने दोन दिवस घासलं तरी कातडीखाली राहिलंच होतं. त्या दिवशी मी तुला ओरडलो. उगाच ओरडलो.

वागदरीच्या जमिनीचं तुला माहीत आहे. आजोबांनी वाचलं नव्हतं. कागद वाचून मला काय मिळालं, तर हे, की आपल्या घरात पुन्हा तसं झालं नाही. परवा हे सांगायला हवं होतं.

मालिकेतला तुझा प्रसंग कचेरीसमोरच्या हॉटेलात सगळ्यांना मोबाइलवर दाखवला. नवीन निबंधक साहेबांनाही. तू जिना उतरतेस, थांबतेस, काही बोलत नाहीस. साहेब म्हणाले, "बोलत का नाही?" मी म्हटलं, ते बोलणंच आहे. (मला नीट कळलं नव्हतं, पण म्हटलं.)

कलाकारांची ती सिंटा की काय संघटना आहे, ऑफिस अंधेरीतच आहे. तिथे जा. कार्ड नसेल तर काढ, फी मी पाठवतो. एकटी बसू नकोस. बसायचंच असेल तर मला सांग, मी रात्रीच्या गाडीने येतो, माझी खुर्ची घडीची आहे. आणि उपाशी बसायचं नाही, आई शेंगाचटणी पाठवतेय.

तुझे,
अप्पा

ता. क. कराराचे फोटो व्हॉट्सअपवर पाठव. दहा पानं असतील तर दहाच्या दहा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काही छापलेलं असेल तर त्याचाही, उजेडात धरून.