‘मैत्रिणीसाठी’ म्हणून नेलेल्या औषधाबद्दल

प्रिय ताई, आणि नॉर्थ कॅरोलायना हार्म रिडक्शन कोएलिशन या, ड्रग्ज घेणाऱ्यांचे जीव वाचवायला धडपडणाऱ्या संस्थेतल्या तुमच्या सगळ्या सहकाऱ्यांना,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हांला ते आवडणार नाही. वयाने माझ्याहून लहान आहात, तरी माझ्या तोंडी ताईच येतं. पत्र मराठीत आहे. शनिवारी आले की इंग्रजीत वाचून दाखवीन. मराठीत लिहायचं कारण असं की आमच्या कॅरी-मॉरिसव्हिलच्या घरांमध्ये हा विषय दार लावूनच बोलला जातो. बोललाच गेला तर.

2019च्या मे महिन्यात रॉलीतल्या एका वाचनालयाबाहेर तुम्ही टेबल मांडून बसला होतात. मी दोनदा पुढून गेले, तिसऱ्यांदा थांबले आणि म्हणाले, ‘माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा आहे...’ पुढे बोलता येईना. तुम्ही नाव विचारलं नाही, पत्ता नाही, विम्याचं कार्ड नाही. खुर्ची पुढे केलीत. मग हेरॉइनसारख्या ड्रगच्या अतिमात्रेने थांबलेला श्वास परत आणणाऱ्या नॅलोक्झोनच्या दोन कुप्या, दोन सुया आणि पंधरा-वीस मिनिटं तुमचा वेळ, एवढं घेऊन मी घरी आले. ती पिशवी स्वयंपाकघरात मेतकुटाच्या बरणीमागे ठेवली. नवऱ्याला सांगितलंही नाही.

मी पुण्यात वाढले. शाळेत होते तेव्हा गर्दचं व्यसन शहरात पसरत होतं, आणि त्यात सापडलेल्या पोरांना आम्ही सरळ ‘गर्दुल्ले’ म्हणायचो. 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. अवचट पती-पत्नींचं ते काम, त्यामागे पुलंची देणगी, हे सगळं घरात आदराने बोललं जायचं. आजही मला तो आदर आहे. पण माझ्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं होतं: उपचाराला गेला, म्हणजे सुटला. माझा मुलगाही 2019च्या ऑक्टोबरात अठ्ठावीस दिवस उपचारांसाठी राहून घरी आला. चेहऱ्यावर तजेला होता. आम्ही दिवाळी केली, मी चकल्या तळल्या, आणि मनातल्या मनात तो विषय मिटवून टाकला.

तुम्ही मात्र मे महिन्यातच बजावलं होतं, की धोका सगळ्यात जास्त असतो तो याच दिवसांत. महिनाभर ड्रग शरीरात गेलं नाही की सवय उतरते, आणि पूर्वी पचलेली मात्रा आता श्वास थांबवते. उपचार घेऊन आलेला, तुरुंगातून सुटलेला, दवाखान्यातून परतलेला, हीच माणसं पटकन हातची जातात. त्यात आता रस्त्यावर मिळणाऱ्या निळ्या गोळीत काय आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बऱ्याचदा त्यात फेंटॅनिल असतं, प्रयोगशाळेत बनणारं ड्रग, हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट तीव्र. मला हे तेव्हा ऐकवत नव्हतं. ऐकलं, हेच माझं नशीब.

नोव्हेंबरची ती रात्र. आकाशकंदील अजून उतरवला नव्हता. अकराच्या सुमारास मी त्याच्या खोलीवरून गेले, आतून घोरण्याचा आवाज आला, आणि मला बरं वाटलं. गाढ झोपलाय, म्हटलं. जिन्यापर्यंत गेले असेन. तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं: ‘विचित्र घोरत असेल तर झोपू देऊ नका, उठवून बघा.’ कितीतरी आयांनी तो आवाज ऐकलाय आणि समाधानाने दिवा मालवलाय, असंही तुम्ही म्हणाला होतात. मी परत फिरले.

ओठ निळे नव्हते. तुम्ही माझ्या हाताकडे बघून सांगितलं होतं, ‘तुमच्या कांतीवर निळं दिसेलच असं नाही. राखेसारखा रंग बघा, ओठ बघा, नखं बघा.’ राखच होती. मुठीच्या हाडांनी छातीवर जोरात रगडलं, तो हलला नाही. नवरा फोन हातात घेऊन थबकला. पोलीस येतील, पोराचं आयुष्य नासेल, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मी ओरडले, ‘कायदा आहे! फोन करा!’ तो कायदा मला तुमच्यामुळे माहीत होता. अशा वेळी 911ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी फोन केला त्याच्यावर, जवळ थोडंसं ड्रग सापडलं म्हणून खटला भरत नाहीत. 2013च्या एप्रिलमध्ये या राज्यात तो झाला, आणि तुमच्या लोकांनी त्यासाठी विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

सुई मी जीन्सवरूनच मांडीत टोचली. कपडे काढत बसू नका, हेही तुमचंच. मग हनुवटी वर, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक श्वास. दोन-तीन मिनिटं वाट बघायची आणि मग दुसरी कुपी. ती तीन मिनिटं मी अजून कोणाला सांगू शकलेले नाही, इथेही सांगत नाही. दुसऱ्या कुपीनंतर त्याने श्वास घेतला. डोळे उघडले आणि चिडून म्हणाला, ‘काय करतेयस?’ हे चिडणंसुद्धा तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून मला ते लागलं नाही. औषधाचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून ‘मी ठीक आहे, झोपू दे’ म्हणत असतानाही त्याला रुग्णवाहिकेत बसवलं.

नंतर मी या औषधाची माहिती शोधत बसले. अमेरिकेत नॅलोक्झोनला मान्यता मिळाली 1971 मध्ये. माझाही जन्म 1971चा. म्हणजे मी रांगत होते, शाळेत जात होते, लग्न करून इथे आले, तेवढा सगळा काळ हे औषध होतं. पण डॉक्टरांच्या आणि दवाखान्यांच्या कपाटात. आणि माणसं मरत होती ती घरच्या न्हाणीघरात, गाडीच्या मागच्या सीटवर, मित्राच्या सोफ्यावर. शिकागोत काही लोकांनी 1996 मध्ये ते थेट ड्रग्ज घेणाऱ्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. आपल्या राज्यात तुम्ही 2013च्या ऑगस्टपासून वाटायला लागलात. 2016 मध्ये राज्याचा आदेश निघाला आणि वेगळी चिठ्ठी नसतानाही औषधांच्या दुकानातून ते घेता येऊ लागलं. माझ्या पिशवीतल्या दोन कुप्या एवढ्या लांबून चालत आल्या होत्या. त्या वाटेवर शेरीफ होते, चर्चमधली माणसं होती, मुलं गमावलेल्या आया होत्या, आणि स्वतः सुई घेतलेली माणसंही होती. त्या आयांचे आभार मी कसे मानू ते मला खरंच कळत नाही. त्यांच्या मुलांपर्यंत काही पोचलं नव्हतं, तरी त्यांनी माझ्या मुलापर्यंत पोचवलं.

तुमच्या तोंडून मी ‘जंकी’ हा शब्द एकदाही ऐकला नाही. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मी आता वापरत नाही, कोणी समोर वापरला तर थांबवते. मंडळाच्या एका कार्यक्रमात थांबवलं तेव्हा दोन ताटांवर शांतता पसरली. पसरू दे.

मुलगा आज ब्युप्रेनॉर्फिन घेतो, ड्रगची ओढ आवरणारं औषध, रोज जिभेखाली. नवऱ्याला सुरुवातीला ते पटलं नाही. ‘एक सोडून दुसरं लागलं’ म्हणायचा. तुम्ही त्याच्याशी वाद घातला नाहीत, त्याला मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल विचारलंत. मध्ये एकदा मुलगा घसरला, 2021 मध्ये. तेव्हा तो आधी तुमच्याकडे आला आणि मग आम्हांला सांगितलं. आईला याचं वाईट वाटायला हवं होतं का? मला हायसं वाटलं. त्याला जायला जागा होती.

ही हकीकत सांगायला मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुमच्या हातात कागद होता: किती कुप्या वापरल्या, 911ला फोन केला का, माणूस वाचला का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून तुम्ही पेन खाली ठेवलंत, आणि मग हळूच विचारलंत, ‘मैत्रीण कशी आहे?’ मला तेव्हा बोलता आलं नाही. ताई, मैत्रीण बरी आहे. तिचा मुलगा खालच्या मजल्यावर भांडी घासतोय, आवाज येतोय मला.

शनिवारी येते. चिवडा आणतेय, तुमच्या सहकाऱ्यांपैकी एकाला चालत नाहीत म्हणून शेंगदाणे न घालता.

तुमची,
कॅरीची एक आई