‘मिसेस चॅटर्जी’ची अर्धीच फिर्याद

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’मधील भूमिकेसाठी राणी मुखर्जी यांना एकाहत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला, त्या निमित्ताने २०२३ मध्ये एकदा पाहिलेला हा चित्रपट मी पुन्हा सावकाशीने पाहिला. पुरस्कार योग्यच आहे, हे आधीच सांगून टाकते. पोटच्या मुलांना घेऊन निघालेल्या मोटारीमागे ऊर फुटेस्तोवर धावणारी राणी यांची देबिका पहिल्या काही मिनिटांतच आपल्याला कवेत घेते. तिची मोडकी इंग्रजी, संतापाच्या भरात तोंडून बाहेर पडणारी बंगाली आणि समोरच्या अधिकाऱ्यांचा शांत, अगम्य स्वर यांतून परक्या देशातल्या बाईची कोंडी कुठल्याही भाषणाविना कळते. दिग्दर्शिका आशिमा छिब्बर यांनी तिला सोशिक देवी केलेले नाही, हेही मला मोलाचे वाटते. ती आरडाओरडा करते, तिचा तोल सुटतो आणि नेमका तोच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

खटकते ते पुढे. चित्रपट ज्या खऱ्या घटनेवर बेतला आहे ती २०११ मधली, नॉर्वेतील स्टाव्हांगर शहरातली. ‘बार्नेव्हर्न’ या तिथल्या बालकल्याण यंत्रणेने एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुले ताब्यात घेतली होती. चित्रपटाने या संघर्षाचे मूळ हाताने भरवणे, मुलांना कुशीत घेऊन झोपवणे अशा गोष्टींत शोधले आणि अधिकाऱ्यांना जवळजवळ कारस्थानी ठरवले. मुले जितकी जास्त उचलावीत तितका पैसा जास्त, असेही सुचवले. केवळ अशा सवयींवरून मुले काढून घेतली जात नाहीत, असे नॉर्वेच्या तत्कालीन राजदूतांनी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा जाहीरपणे लिहिले होते. सरकारी खुलासा म्हणून तो बाजूला ठेवता येईल. पण चित्रपट दुसरी बाजू ऐकूनच घेत नाही, त्यामुळे आईची बाजूही निष्कारण लंगडी होते.

योगायोग असा की, त्याच वर्षीच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला ‘श्यामची आई’. पोहायला न जाता लपून बसलेल्या श्यामला शिंपटीने झोडपणारी आणि तो पोहून आल्यावर दह्याची कवडी पुढे ठेवणारी आई आपल्या घराघरांत पूजनीय आहे. नॉर्वेत मात्र मुलांना मारण्यावर १९८७ पासून कायद्याने संपूर्ण बंदी आहे. दोन समाजांतला खरा अवघड प्रश्न इथे आहे, आणि त्यात आपल्यालाही थोडे अवघडल्यासारखे होईल. दहीभात हाताने भरवण्याची बाजू घ्यायला कुठल्या भारतीय प्रेक्षकाला कष्ट पडणार?

शिवाय नॉर्वेवर टीका करायला अतिरंजनाची गरजच नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ‘स्ट्रँड लोबेन’ खटल्यात या देशाला कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केल्याबद्दल दोषी धरले. त्या खटल्यातली आई नॉर्वेजियनच होती. म्हणजे दोष असेल तर तो यंत्रणेच्या कार्यपद्धतीत आहे. गोरे विरुद्ध आपण, एवढ्याच चौकटीत तो मावत नाही.

माझ्या मते चित्रपटातले सर्वांत धारदार दृश्य परदेशी कार्यालयात नव्हे, देबिकाच्या स्वयंपाकघरात घडते. घरकामाला हात न लावणारा, नागरिकत्वाच्या आशेने अधिकाऱ्यांपुढे गप्प राहणारा आणि बायकोवर हात उगारणारा नवरा अनिर्बान भट्टाचार्य यांनी इतका ओळखीचा केला आहे की, अंगावर काटा येतो. (माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तेवढ्यात पाणी प्यायला उठणे पसंत केले.) पण दिग्दर्शिका तिथे थांबत नाहीत. प्रेक्षकांचा राग पुन्हा परक्या देशाकडे वळवला जातो.

प्रत्यक्षात एप्रिल २०१२ मध्ये मुले भारतात परतली ती काकांच्या ताब्यात. आईच्या हाती ती आली जानेवारी २०१३ मध्ये, कोलकाता उच्च न्यायालयाच्या निकालाने. हे मधले नऊ महिने मायदेशातले होते, आपल्या भाषेतले, आपल्याच माणसांतले. त्या महिन्यांना चित्रपटाने शेवटचा भाग दिला आहे खरा, पण तो न्यायालयातल्या जोशपूर्ण युक्तिवादांत आणि टाळ्यांच्या वाक्यांत उरकला आहे. मला तिथे अधिक वेळ हवा होता.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा