जाणारा खेळाडू वेळेत विका

युरोपात फुटबॉलचा मोसम संपत आला की कोल्हापूरच्या पेठांतही वाद रंगतो: जाऊ पाहणारा जुना खेळाडू विकावा की ठेवावा? विकावा, आणि करारात वर्ष उरले असतानाच. युरोपीय न्यायालयाच्या १९९५च्या बोस्मन निकालानंतर करार संपला की खेळाडू मोकळा होतो, क्लबच्या हाती छदामही लागत नाही. पोलंडचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, लेवांडोव्स्की २०१४ मध्ये डॉर्टमुंड या जर्मन क्लबमधून बायर्न या दुसऱ्या जर्मन क्लबला असाच फुकट गेला. त्याच बायर्नने २०२२ मध्ये, करार वर्षभर शिल्लक असताना, त्याचे स्पेनच्या बार्सिलोना क्लबकडून सुमारे साडेचार कोटी युरो घेतले, तेही तेहेतिसाव्या वर्षी! विजेतेपद हाकेच्या अंतरावर असेल तर मात्र ठेवावा. ऐन मोसमात तसा स्ट्रायकर सापडत नाही. पण निर्णय जूनमध्येच व्हावा. जानेवारीत समोरचा क्लब भाव पाडतो, कारण सहा महिन्यांनी करार संपून तोच खेळाडू त्याला फुकट मिळणार असतो.

- एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर