शॉकअप गळतोय? सीलआधी पाइप बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात खड्ड्यांचे फोटो येतात आणि ते यायलाच हवेत. पण त्याच खड्ड्यांत रोज आपटणाऱ्या दहा-पंधरा वर्षं जुन्या मोटारसायकलींच्या पुढच्या शॉकअपबद्दल फारसं कुठे वाचायला मिळत नाही. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं की टायर, लाइट, पीयूसी यांची धावपळ होते. शॉकअपवरून बोट फिरवून बघायचं कोणाच्या मनात येत नाही. गळती सुरू झाल्यावर जी दुरुस्ती होते तीही बऱ्याचदा अर्धीच. सील, म्हणजे तेल आत अडवणारं रबरी कडं, बदललं, अंदाजाने तेल ओतलं, गाडी ताब्यात दिली. दोन महिन्यांनी पुन्हा गळती, आणि शिव्या सीलच्या कंपनीला. मूळ दोष बहुधा पाइपवर असतो.

पाइप म्हणजे शॉकअपची वरची चकचकीत नळी. ती वर-खाली होते ती सीलच्या पातळ ओठातून. पाइपवर हार्ड क्रोमचा थर असतो. उडालेली खडी, वाळलेला चिखल, महिनोन्महिने पावसात उभी राहिलेली गाडी यांमुळे त्या थराला टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात. त्यांच्या कडा प्रत्येक हेलकाव्याला रबर तासत राहतात. नवं सील टाकलं तरी त्या कडा तिथेच असतात. म्हणून आधी पाइप फडक्याने कोरडा पुसून सीलच्या वरच्या वीतभर भागात नख फिरवावं. नख अडलं तर दुखणं तिथे आहे. वरच्या दोन टींच्या (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) मध्ये, जिथपर्यंत सील कधी पोचतच नाही, तिथला गंज दिसायला वाईट, पण गळतीशी त्याचा संबंध नाही. ज्या गाड्यांना पाइपवर रबरी बूट आहेत त्यांच्या मालकांनी तर बूट वर सरकवून जरूर बघावं. आत साचलेला चिखल ओलाच राहतो आणि गंज नजरेआड वाढतो.

प्रत्येक गळतीला सील बदलावंच लागतं असंही नाही. कधी ओठाखाली नुसता वाळूचा कण अडकलेला असतो. डस्ट सील (मुख्य सीलच्या वरचं, धूळ अडवणारं रबर) हळूच उचकटून पाइपवर वर सरकवावं, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून तिच्या टोकाला लहानसा हूक करावा आणि ती सील व पाइप यांच्या मधून गोल फिरवावी. घाण बाहेर येते. त्यानंतर पुढचा ब्रेक धरून हँडल आठ-दहा वेळा दाबावं; पाइपवर पुन्हा तेलाचं ठळक कडं उमटलं तरच शॉकअप उघडायचा. पुढून येणारी टकटक शॉकअपची की कोनसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची), हेही याच वेळी ठरवून टाकावं. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करावं आणि दोन्ही बॉटम (पाइप ज्यात सरकतात ती शॉकअपची खालची नळकांडी) खालून धरून पुढे-मागे हलवावेत. वर हँडलच्या नळीपाशी खटका जाणवला तर दोष कोनसेटचा आहे, शॉकअप उघडून उपयोग नाही.

उघडताना क्रम चुकला की काम दुप्पट होतं. वरच्या टीचा बोल्ट आधी सैल करावा, पण खालच्या टीचा घट्टच ठेवून पाइपच्या टोकाची टोपी फक्त थोडी सैल करून घ्यावी. पाइप एकदा हातात आला की ती सुटता सुटत नाही. बॉटमच्या तळाचा ॲलन बोल्टही तेव्हाच सैल करावा. स्प्रिंगचा दाब असेपर्यंत आतली नळी बोल्टाबरोबर गरागरा फिरत नाही. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर तारेने टांगावा, होजवर लोंबकळत सोडू नये, आणि पॅडच्या मध्ये लाकडाची चीप घालावी, कारण चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतो. टोपी काढताना तोंड बाजूला ठेवावं. स्प्रिंग जोरात उसळते. तिचे जवळजवळचे वेढे वर होते की खाली, हे तेव्हाच टिपून ठेवावं.

निघालेलं तेल करडं, चमचमतं असेल तर तो घासलेल्या धातूचा भुगा. सगळे भाग रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. मग पाइप काचेच्या तावदानावर लोळवावा. खालून उजेडाची फट उघडझाप करत असेल तर तो वाकला आहे. व्ही-ब्लॉक (पाइप ठेवायची खाच) आणि डायल गेज (वाक मोजायचं घड्याळ) असेल तर उत्तम. होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये वाकाची कमाल मर्यादा ०.२ मिमी दिलेली आहे. वाकलेला पाइप तापवून सरळ करून देणारे भेटतात. तसा पाइप घेऊ नये. आच लागली की क्रोमही जातो आणि पोलादाचा कसही. खड्डे अगदी बारीक असतील तर १२०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून, पाइपभोवती आडवा फिरवून, वर आलेल्या कडा तेवढ्या मोडाव्यात. उभा घासला तर चरे पडतात आणि तेल त्याच चऱ्यांतून वर येतं. पाइप मिळतच नाही अशा जुन्या मॉडेलसाठी हार्ड क्रोम करून मूळ व्यासाला ग्राइंडिंग करून घेता येतं. शोभेचं क्रोम चालत नाही, पापुद्रे सुटतात.

सीलवर तीन आकडे कोरलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. जुन्यावरचे वाचून आणि पाइप व्हर्नियरने मोजूनच नवं आणावं. पाइपच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, ओठाला तेल लावून, आकड्यांची बाजू वर ठेवून सील खाली सरकवावं. ठोकण्यासाठी पाइपवरून जाईल अशी नळी घ्यावी आणि मध्ये जुनं सील ठेवावं. लॉकची (सील धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्याची) खाच पूर्ण दिसेपर्यंत ते सरळ बसलं पाहिजे. स्क्रूड्रायव्हर लावून एकेका बाजूने ठोकलेलं सील तिरकं बसतं आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात बोलतं. तळाच्या बोल्टाचा तांब्याचा वॉशर नवाच टाकावा. डस्ट सीलही.

तेलाच्या बाबतीत सर्वाधिक हयगय होते. मॅन्युअलमध्ये अनेकदा दोन आकडे असतात : नुसतं तेल बदलताना लागणारं आणि पूर्ण उघडून धुतल्यावर लागणारं. दुसरा थोडा जास्त असतो, कारण पहिल्या वेळी काही तेल आतच चिकटून राहिलेलं असतं. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत एका बाजूला दीडशे ते दोनशे मिलीच्या दरम्यान तेल लागतं. आपल्या मॉडेलचा आकडा पाहून, मापाच्या भांड्याने, दोन्हीकडे सारखं ओतावं. ‘शॉकअप कडक होईल’ म्हणून जास्त ओतणं हा शुद्ध अडाणीपणा. वर राहिलेली हवा दाबली जाण्यासाठीच असते. ती जागा तेलाने भरली की खड्ड्यात दाब भलताच वाढतो आणि सील बाहेर ढकललं जातं. इंजिन ऑइलही नको. ते फार जाड असतं, शॉकअप कडक आणि सुस्त होतो. मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचं फोर्क ऑइलच, म्हणजे शॉकअपचं खास तेल, वापरावं. ओतल्यावर पाइप सावकाश आठ-दहा वेळा पंप करून हवा काढावी, मगच स्प्रिंग सोडावी. स्प्रिंग आखडली असेल तर दोन्ही बदलाव्यात. खाली वॉशर रचून उंची वाढवता येते, मेलेली स्प्रिंग जिवंत होत नाही.

बसवताना दोन्ही पाइप वरच्या टीला सारख्या उंचीवर यावेत. एक्सल आणि मडगार्डचे बोल्ट शेवटचे आवळण्यापूर्वी हँडल चार-पाच वेळा दाबून दोन्ही बाजू आपोआप जुळू द्याव्यात, नाहीतर शॉकअप अडकत चालतो. पाइपला ग्रीस फासू नये, धूळ धरते. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याचा झोत डस्ट सीलवर मारू देऊ नये.

गळालेलं तेल डिस्कच्या पॅडपर्यंत पोचलं असेल तर पॅड पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा लावले जातात, ते थांबलं पाहिजे. तेल पॅडच्या अंगात मुरतं आणि उतारावर ब्रेक घसरतो. पॅड नवेच टाकावेत, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावी. नव्या सीलनंतर सुरुवातीचे काही दिवस पाइपवर तेलाची अगदी पुसट झाक दिसली तर घाबरू नये. थेंब बॉटमवरून ओघळला तर मात्र गाडी तशीच परत न्यावी आणि पाइप आपल्या डोळ्यांदेखत काचेवर लोळवायला सांगावा.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक,
कराड