नव्वदने गुणू नका

लिस्बन, पोर्तुगाल, 19 जानेवारी 2025

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण, झोप, कामाच्या वेळा हे दर रविवारी फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. पण बाबा, परवा तुम्ही विचारलंत, ‘महिन्याला 3600 युरो म्हणजे सव्वातीन लाख, मग जातात कुठे?’ ते फोनवर नीट सांगता आलं नाही. आधी एक विनंती: आलेले युरो रुपयांत आणायला नव्वदने गुणता, तर खर्चही गुणा. नाहीतर दोन्ही राहू द्या.

3600 हा आकडा मोठा वाटतो, पण घरून काम करणाऱ्याच्या व्हिसाला इथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई लागते. यंदा ती 3480 आहे, म्हणजे मी उंबरठ्याच्या जेमतेम आत. कंपनी पुण्याची असली तरी इथे माझी नोंद स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आहे. दर महिन्याची पावती मीच फाडायची. परदेशी गिऱ्हाइकाच्या पावतीवर कर आधी कापला जात नाही. तो आपणच बाजूला टाकायचा, नाहीतर एप्रिल ते जूनमध्ये विवरण भरल्यावर सगळा एकदम अंगावर येतो. मी 650 टाकतो. दुसरी कपात सोशल सिक्युरिटीची: कमाईच्या 70 टक्क्यांवर 21.4 टक्के, म्हणजे 539 युरो. पहिले बारा महिने यातून सूट असते. ती आता संपली. या महिन्यात तिमाहीचं विवरण भरलं, पहिला भरणा 10 ते 20 फेब्रुवारीत. दोन्ही वजा जाता हातात 2411.

त्यातले 900 भाडं, तेही लिस्बनबाहेर अमादोरा उपनगरात, सिंत्राच्या लोकल लाइनवर. शहरात एवढ्यात वन बीएचके कुणी दाखवतही नाही. स्वस्त मिळतं, पण ‘करार नको, पन्नास कमी द्या’ म्हणणारे मालक असतात. तिथे राहिलं की इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला पत्त्याचा पुरावा राहत नाही, म्हणून नोंदलेला करारच घेतला. प्रवासाचा पास 40 युरोचा. त्यात 18 पालिकांतली लोकल, मेट्रो, बस आणि बोटसुद्धा. पाणी 20, इंटरनेट-मोबाइल 45, किराणा 260. डाळ-तांदूळ-मसाले लिस्बनमधल्या मार्तिम मोनीझ भागाच्या गल्ल्यांत मिळतात. बटाट्याला इथे ‘बताता’च म्हणतात, आई, तेव्हा उपाशी नाही. औषधपाणी, बाहेरचं खाणं आणि किरकोळ मिळून 190.

विजेचं बिल हिवाळ्यात 95 होतं, त्याचं कारण थंडीत आहे. आई, बर्फ नाही, गोठत नाही, काळजी करू नकोस. फक्त इथल्या जुन्या घरांत हीटिंग नसतं, म्हणून बाहेर बारा अंश तर आतही तेरा-चौदा, आणि दमट. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं नाही तर मागे काळी बुरशी चढते. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र रात्रभर चाललं की सकाळी टाकीत दीड-दोन लिटर पाणी असतं. घराची वीज 3.45 केव्हीएची, म्हणजे एका वेळी साधारण 3450 वॅटच. हीटर 2000 वॅटचा, चहाची किटली 2200 ची. दोन्ही लावली की अंधार, मग मेन स्विच खाली-वर. म्हणून चहाच्या वेळी हीटर बंद. रात्री दहा ते सकाळी आठ दर कमी असतो, तेव्हा कपडे धुणंही दहानंतरच.

एक गोष्ट मात्र बाबांना आवडेल. इथे एक युरोची कॉफी घेतली तरी गल्ल्यावरची बाई विचारते, ‘कोन्त्रिबुइन्त?’ म्हणजे तुमचा करक्रमांक सांगा. नऊ आकडी असतो. सांगितला तर पावती तुमच्या नावाने थेट सरकारी पोर्टलवर जाते. हॉटेल, सलून, गॅरेजच्या बिलातल्या व्हॅटचे 15 टक्के वर्षअखेर करातून वजा होतात, कमाल 250 युरो. आता हिशेब बघा. जेवण 11.30 चं, त्यात व्हॅट 1.30, त्याचे 15 टक्के म्हणजे वीस सेंट, आपले अठरा रुपये! एवढ्यासाठी मागे रांग थांबते आणि कुणी कुरकुरत नाही. लोकांनी पावत्या मागाव्यात म्हणून 2014 मध्ये सरकारने पावत्यांवर सोडत काढली, बक्षीस ऑडी गाडी. माझ्यासारख्याला शिवाय फेब्रुवारीत पोर्टलवर एकेका पावतीपुढे धंद्याची की घरची ते टिक करावं लागतं, नाहीतर ती अडकून राहते. आणि ‘पगार’ म्हणजे इथे पैसे देणं. शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला, येताना उलटा झाला.

तर उरतात 861. आजवर 1000 पाठवत होतो, फेब्रुवारीपासून 500 जमतील. राहिलेले मेच्या तिकिटासाठी. मनूच्या लग्नाला येणार म्हणजे येणार. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नव्हतो, ते पुन्हा होणार नाही. पैसे कमी होणार हे मी ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं. दिवाळीत तुम्ही कार्यालयाचं बोलत होतात, तेव्हा जीभ रेटली नाही.

कार्यालयवाल्याला दुसरा हप्ता मार्चअखेर देऊ म्हणून सांगा. दागिन्यांचं तुम्ही ठरवलंय तसंच होऊ दे, त्यात काटछाट नको. मावशीने सुचवलेल्या स्थळाबद्दल मेमध्ये समोरासमोर बोलू. आणि हे पत्र मनूला दाखवू नका.

तुमचा,
सोन्या